मुलीकडे की संस्थेत? चौतीस वर्षांच्या लेकाचं पुढचं घर

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत): ठाणे जिल्ह्यातल्या 66 वर्षांच्या एका आईने लिहिलंय. मुलगा 34 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम आणि फिट्स, तिन्ही. चारपाच शब्द बोलतो, बाकी हात धरून नेऊन दाखवतो. अंघोळ, दाढी, संडासनंतरची स्वच्छता सगळं करून द्यावं लागतं. फिट्स गोळ्यांनी बऱ्यापैकी ताब्यात आहेत पण अधूनमधून रात्री येते, म्हणून आई त्याच्याच खोलीत झोपते. आधी कार्यशाळेत जायचा, कोविडनंतर ते बंद पडलं ते पडलंच, आता दिवसभर घरी. वडील पाटबंधारे खात्यातून रिटायर, दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. मुलगा चिडला की हात चावतो, आणि गेल्या वर्षभरात दोनदा आईला जोरात ढकललंय. मुलगी पुण्यात, तिला दोन लहान मुलं, ती म्हणते "मी आहे ना, मी बघेन." जावई काहीच बोलत नाहीत. नातेवाईक म्हणतात संस्थेत ठेवा. एक संस्था बघायला गेल्या आणि रडत परत आल्या. शेवटी लिहिलंय, "आम्ही दोघं रोज देवाला एकच मागतो, याला आमच्या आधी ने. असं मागणारी आई वाईट असते का? आणि आम्ही जिवंत असताना त्याला दुसरीकडे ठेवणं म्हणजे टाकून देणंच नाही का?"

ताई,

आधी त्या प्रार्थनेचं बोलू. ती मी खूप आयांच्या तोंडून ऐकलीये, बाबांच्या मनातही असते, फक्त ते एवढं उघड बोलत नाहीत. तुम्ही वाईट आई नाही. तुम्हाला त्याचं मरण नकोय, तुमच्यामागे त्याचे हाल नकोयत, आणि हाल होणार नाहीत अशी एकही वाट दिसत नाही म्हणून मन तिथे जाऊन थांबतं. पण तो 34 वर्षांचा आहे, अंगाने धडधाकट आहे असं तुम्हीच लिहिलंय, तो तुमच्यानंतर पंचवीसतीस वर्षं जगू शकतो. देवाकडे जे मागायचं ते मागा, तयारी मात्र तो जगणार आहे असं धरूनच करायची.

तुमच्या पत्रात दोनच दारं आहेत, मुलगी नाहीतर संस्था, आणि दोन्ही दारं "आम्ही गेल्यावर"च उघडणार असं तुम्ही धरलंय. मला सगळ्यात जास्त भीती या धरण्याची वाटते. कारण असं ठेवलं की काय होतं ते बऱ्याच घरांत दिसतं, आई किंवा बाबा अचानक जातात, घर माणसांनी भरतं, कोणाला रजा नाही, कोणाचं तिकीट काढलेलं, आणि तेराव्याच्या आसपास कोणीतरी त्याचे कपडे बॅगेत भरून त्याला गाडीत बसवतं. म्हणजे आई, खोली, अंथरूण, रोजच्या वरणभाताची चव, सगळं एकाच आठवड्यात गेलं, आणि का गेलं हे त्याला सांगायला त्याची खूण कळणारं माणूसच उरलेलं नाही. ताई, टाकून देणं म्हणायचंच असेल तर मी याला म्हणेन, वाईट हेतू कोणाचाच नसतो तरी. तुम्ही जिवंत, हिंडत्याफिरत्या असताना तो दुसऱ्या घरी राहायला शिकला तर तुम्ही जाऊन बघू शकता, भांडू शकता, नाही पटलं तर परत आणू शकता. तुमच्या असण्याचा त्याला सगळ्यात मोठा उपयोग खरं तर तेव्हाच आहे.

आता एक गोष्ट या सगळ्याच्या आधी करा, ती ढकलण्याची. वर्षभरातच सुरू झालंय म्हणताय, तर तो "हिंसक झाला" असं कोणी म्हणायच्या आत त्याचं नीट मेडिकल चेकअप करून घ्या. ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही तो चावून, ढकलून, डोकं आपटून सांगतो. दात किडलाय का, कान दुखतोय का, पोट साफ होतंय का, ॲसिडिटी आहे का, हे साधं साधं आधी. फिटची गोळी मध्ये बदलली होती का तेही आठवा, लेव्हेटिरॅसिटॅमसारख्या औषधाने काहींची चिडचिड खूप वाढते, आणि हे न्यूरॉलॉजिस्टला सांगितलं की त्यांना पर्याय बघता येतो (स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करायची नाही, त्याने फिट्स उसळतात). शिवाय रोजचं कामावर जाणं बंद झालेला, दिवसभर चार भिंतीत बसलेला चौतिशीतला तरुण चिडणार नाही तर काय करणार हो. झोपवून ठेवणारं औषध सुरू करायच्या आधी हे सगळं तपासलं का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि इथे आत्ता नाही बघितलं तर पुढे कुठलीही चांगली जागा "असं वर्तन असेल तर आम्ही घेत नाही" म्हणेल, तेव्हा हे पहिलं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही एकट्या कितीतरी माणसांची कामं करताय आणि ती एकमेकांत इतकी मिसळलीयत की तुम्हाला वाटतंय हे सगळं जसंच्या तसं उचलून कोणातरी एकाच्या डोक्यावर द्यायचं. तो राहतो कुठे हे एक. त्याला हाताने कोण करतं, अंघोळ, जेवण, रात्रीची जाग, हे दुसरं. त्याच्या वतीने निर्णय कोण घेतं, सही कोण करतं, हे तिसरं. पैसा कोण सांभाळतं हे चौथं. आणि तो आपला आहे म्हणून कोण येऊन बघतं, वाढदिवसाला केक कोण आणतं, हे पाचवं. ही पाचही कामं एका माणसाकडून किंवा एका संस्थेकडून करून घेऊ नका. एकाच हातात सगळं गेलं की चुकलं तरी सांगणारं कोणी उरत नाही.

इंग्लंडमध्ये सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात त्यात हेच केलेलं असतं, घर त्या व्यक्तीच्या नावाने भाड्याचं आणि मदत देणारी संस्था वेगळी, म्हणजे मदत पटली नाही तर संस्था बदलायची, घर बदलावं लागत नाही. आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 5 हेच सांगतं की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येणार नाही. कायदा आहे, तशी घरं मात्र बोटावर मोजण्याइतकी आहेत हे मला मान्य आहे. मानसिक आजारातून बाहेर आलेल्यांसाठी चेन्नईची द बॅनियन ही संस्था साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन चारपाच जणांना एकत्र ठेवते, शेजारी, बाजार, स्वयंपाक सगळं नेहमीसारखं, त्यांचं ते काम रत्नागिरीतही आलंय. तुमच्या मुलाची गरज वेगळी आहे, पण आयुष्यभर वॉर्डात राहतील असं ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी धरलं होतं ती माणसं साध्या घरात राहू शकतात हे त्यातून दिसतं.

मग मुलगी कुठे बसते यात? ताई, मी तुमच्या मुलीला भेटले नाही पण "मी बघेन" हे ती मनापासून म्हणते याबद्दल मला शंका नाही. पण तिला विचारलंय का कोणी की बघेन म्हणजे काय बघशील? दोन लहान मुलं, बहुतेक नोकरी, आणि रात्री फिटसाठी ज्याच्याजवळ जागावं लागतं असा, पुरुषाच्या ताकदीचा भाऊ, अंघोळ त्याला बहिणीने घालायची का, हे बोलायला सगळ्यांना संकोच वाटतो पण बोलायला हवंच. जावई गप्प आहेत याचा अर्थ ते वाईट आहेत असं नाही, त्यांना कदाचित कोणी जागाच दिली नाही बोलायला. मला विचाराल तर मुलीला तिसरं आणि पाचवं काम द्या, निर्णयाचं आणि येऊनजाऊन बघण्याचं. दुसरं काम, हाताने करायचं, पगारी आणि शिकलेल्या माणसांचं असू दे. बहीण बहीण राहिली तर तीस वर्षं येत राहील, नर्स झाली तर तीनचार वर्षांत थकेल आणि मग दोघांचंही नातं आंबेल. हे तिला तुम्हीच सांगायला हवं, ती स्वतःहून कधीच नाही म्हणणार.

आता राहण्याचे पर्याय.

पहिला, तो आहे त्याच घरात आणि मदत घरात येते. ऐकायला सगळ्यात छान. पण ब्युरोतून आलेला एकच माणूस चोवीस तास, असं कराल तर तो दोन महिन्यांत पळून जाईल किंवा मुलावर चिडेल. दिवसाचा वेगळा रात्रीचा वेगळा, आठवड्याची सुट्टी, बदली माणूस, आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारं एक जाणतं माणूस, एवढं असेल तरच. तुम्ही असेपर्यंत हे उत्तम आहे आणि आजच सुरू करा, निदान दिवसाचे काही तास. पण तुमच्यानंतर बंद दाराआड पगारी माणसं आणि बोलता न येणारा मुलगा, बघणारं कोणी नाही, हे मला सुरक्षित वाटत नाही.

दुसरा, तीनचार कुटुंबांनी मिळून एक फ्लॅट घ्यायचा, मुलं एकत्र, केअरटेकर समाईक. हा माझ्या मनाच्या फार जवळचा पर्याय आहे आणि ज्यांची मुलं स्वतःचं थोडंफार करतात, रात्री शांत झोपतात त्या पालकांनी आजच याच्या मागे लागावं. सोसायटीतले लोक कुरकुर करतात, आधी जाऊन भेटलं, मुलांना भेटवलं की बरेच निवळतात. यात कच्चा दुवा पालकच असतात, एकजण गेला की दुसऱ्या पालकांवर भार, म्हणून सुरुवातीपासून नोंदणीकृत ट्रस्ट, पैशाचे लेखी नियम आणि पुढच्या पिढीतलं एक एक माणूस आत हवं. तुमच्या मुलाला रात्री जागं माणूस लागतं, ते तीन घरांच्या पैशात बसवणं अवघड जाईल, अशक्य म्हणत नाही.

तिसरा, पालकांनीच उभी केलेली निवासी ठिकाणं. तुमच्या जिल्ह्यातच डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं घरकुल आहे, बदलापूरजवळ मुळगावला 'आधार' ही संस्था आहे, मुलीच्या बाजूला पुण्यात मारुंजीला नवक्षितिज आहे. तिन्हीकडे प्रौढ राहतात. जागा आहे का, वेटिंग किती, डिपॉझिट किती, किती मदत लागणारी मुलं घेतात, हे प्रत्येकाचं वेगळं, फोन करून विचारा. मी नावं शिफारस म्हणून नाही दिली, बघायला कुठून सुरुवात करायची म्हणून दिली. तुमच्या पत्रावरून माझा कल या तिसऱ्याकडे आहे, पण मुलीच्या घरापासून किंवा तुमच्यापासून सहज जाऊन येता येईल अशाच अंतरावर, आणि महिन्याकाठी घरी येणं चालू ठेवून.

तुम्ही एक संस्था बघून रडत आलात. ते रडू कशाचं होतं ते मात्र स्वतःला विचारा. तिथे काही चुकीचं दिसलं म्हणून, की तिथे सगळी पन्नाशीची झालेली मुलं बघून आपलाही असाच म्हातारा होणार हे पहिल्यांदा कळलं म्हणून? पहिलं असेल तर ती जागा यादीतून काढा. दुसरं असेल तर अजून दोनतीन जागा बघा, एकटीने नाही, मुलीला आणि जावयांना घेऊन.

बघताना ऑफिसातल्या ट्रॉफी नका बघू, संडासला दार आहे का ते बघा. प्रत्येकाचं स्वतःचं कपाट, स्वतःचे कपडे आहेत का, की धुवून आलेला ढीग सगळ्यांचा. दुपारी तीन वाजता जा, तेव्हा काय चाललंय ते खरं. रात्री किती माणसं जागी असतात आणि फिट आली तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करतं हे विचारा, उत्तर देताना अडखळले तर तिथेच कळेल. कोणी मारलं, चावलं तर तुम्ही काय करता, हे विचारा, "खोलीत बंद करतो" किंवा "डोस वाढवतो" एवढंच उत्तर असेल तर निघा. पालकांना न कळवता कधीही येता येतं का? बाहेरचे लोक, व्हॉलंटिअर, विद्यार्थी येतात का? दिव्यांग कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. नाही जमलं तर डिपॉझिट परत मिळतं का हे लेखी घ्या. ज्यांच्या मुली आहेत त्यांनी तर अजून कडक राहा. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, आणि पाळीचा त्रास हेच कारण सांगितलं गेलं होतं. जिथे बाहेरचं कोणी येत नाही तिथे आतले लोक स्वतःच्या सोयीने काय काय ठरवतात हे विसरून चालणार नाही.

यात तुमच्या पत्रात एक माणूस कुठेच नाही, तुमचा मुलगा. त्याला काय हवंय? बोलत नाही म्हणून मत नाही असं नसतं. त्याला गर्दी चालते का, कुकरच्या शिट्टीने कान झाकतो का, कोणाजवळ जाऊन आपणहून बसतो, कुठल्या घरातून निघताना चप्पल घालायला घाई करतो, हे सगळं मतच आहे. नव्या जागी नेलं की तो तिथे जेवतो का, झोपतो का, दुसऱ्यांदा त्या गेटपाशी गाडी थांबल्यावर उतरतो का, ते लिहून ठेवा आणि त्याला वजन द्या. पहिल्या रात्री रडला म्हणजे नको असंही नाही, महिनाभरानेही जेवत नसेल, वजन उतरत असेल तर नको.

आणि एकदम नेऊन सोडायचं नाही. आधी नुसतं दुपारपुरतं, मग एक रात्र, मग शनिवार रविवार, मग पंधरा दिवस. प्रत्येक वेळी घरी परत. आपण जातो आणि आई परत येते हे त्याच्या अंगात भिनायला हवं. त्याची चादर, त्याचं ताट, तुमचे फोटो सोबत.

त्याच्याबरोबर एक वही जाऊ दे. आत्ता सगळं तुमच्या डोक्यात आहे, "त्याचं मलाच कळतं" असं तुम्ही लिहिलंय ते खरंय, पण मग ते कागदावर उतरवलं नाही तर तुमच्याबरोबरच जाईल. फिट कशी सुरू होते, किती वेळ चालते, तेव्हा कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा चप्पल हुंगवायची नाही, पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे आणि हॉस्पिटल. कुठल्या औषधाची ॲलर्जी. घास केवढा, घाईघाईत गिळतो का, ठसका लागतो का. पोट किती दिवसांनी साफ होतं. हात ओढून नेतो तेव्हा काय हवं असतं. कशाने शांत होतो. फोनवर छोटे छोटे व्हिडिओ काढा, अंघोळ कुठल्या क्रमाने घालता, दाढी करताना काय गाणं म्हणता, वगैरे, अर्थात त्याची लाज राखून. नवीन मावशी किंवा दादा आले की त्यांना हे दाखवता येतं.

कागदपत्रांचं आता, थोडं रुक्ष आहे पण वडिलांची तब्येत बघता याच वर्षी. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हापासून तुम्ही कायद्याने त्याचे पालक नाही, बऱ्याच जणांना हे बँकेत अडल्यावर कळतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती (एलएलसी) असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करा. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. नेमणूक झाली की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, तो द्यायचाच. मुलीचंही नाव यात कसं घालता येईल ते तिथेच विचारा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, नसेल तर आधी ते.

वडिलांची पेन्शन हा तुमचा मोठा आधार आहे. स्वतःची उपजीविका न करू शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र वडील असतानाच पेन्शनच्या कागदांवर चढलेलं बरं, मागाहून हेलपाटे फार होतात. हे त्यांच्या जुन्या ऑफिसात आणि कोषागारात जाऊन करून घ्या. राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा काढा, एक लाखापर्यंत कव्हर, आधी तपासणी नाही, फक्त बिलं आधी आपण भरायची आणि मग परत मागायची, तेव्हा रक्कम छोटी आहे हे धरून चाला.

फ्लॅट थेट त्याच्या नावावर करू नका, त्याला तो सांभाळता येणार नाही. "सगळं मुलीला, ती बघेलच" असंही करू नका, तिचं काही बरंवाईट झालं तर? त्याच्यासाठी खाजगी ट्रस्ट करता येतो, वकिलाकडून नीट मसुदा करून, आणि मृत्युपत्रात मालमत्ता त्या ट्रस्टकडे. मुलगी एक ट्रस्टी, बाहेरचा विश्वासू एक, आणि ज्या संस्थेत तो राहील तिचं माणूस त्यात नको. काळजी घेणारा आणि पैसा सोडणारा वेगवेगळे असले की दोघंही नीट वागतात.

हे सगळं एकटीने करू नका. परिवार ही पालक संघटनांची देशभरातली मोठी संघटना आहे, तिच्याशी जोडलेल्या तुमच्या जवळच्या पालक गटात जा, एलएलसीचा अर्ज नुकताच केलेली कोणीतरी आई तिथे भेटेलच आणि ती वकिलापेक्षा जास्त सांगेल.

आणि सुरुवात छोटी करा. चेकअपची अपॉइंटमेंट, मुलगी जावयांना एका रविवारी घरी बोलावणं, आणि दिवसा तीनचार तासांसाठी एक माणूस. ते तीनचार तास तुम्ही झोपा, किंवा वडिलांबरोबर त्यांच्या कार्डिऑलॉजिस्टकडे जाऊन या, दोन वर्षांत तुमचं स्वतःचं शुगर बीपी कोणी बघितलंय का ते तुमच्या पत्रात कुठेच नाहीये. ढकलल्यावर पडला होतात तेव्हा मनगट दुखत होतं असं लिहिलंय, त्याचा एक्सरे काढला नसेल तर या आठवड्यात काढून घ्या.